म्हाताऱ्या घोडीची भादरणी आणि हायनिगरचं क्लिपर, तीन वेळा वापरून झाल्यावरचा अनुभव

आधीच सांगते, हायनिगर कंपनीचं हे घोड्याचे केस कापायचं मशीन (क्लिपर) चांगलं आहे, घेणार असाल तर घ्या. पण नुसतं मशीन आणलं की घोडा आपोआप गुळगुळीत भादरला जाईल असं वाटत असेल तर थोडं थांबा आणि हे पूर्ण वाचा, कारण मला पण तसंच वाटलं होतं आणि पहिल्या दिवशी आमच्या घोडीच्या अंगावर नांगरट केल्यासारख्या रेघा पडल्या होत्या, मध्येमध्ये केसांचे पुंजके तसेच उभे, आणि मी दुकानदाराला फोन करून वाट्टेल ते बोलले होते. त्या माणसाचं काही चुकलेलं नव्हतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, मराठीत या विषयावर मला शोधून काही सापडलं नव्हतं.

आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षबाग आहे आणि घरात घोडी आहे. हरणी नाव, कुमैत रंगाची (अंग तांबूस, आयाळ-शेपूट काळी), मारवाडी. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, तिला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली तेव्हा ती चार वर्षांची होती, आता तेवीस पूर्ण झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी आहे, दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार असतो, राजस्थान गुजरात पंजाबपासून घोडे येतात. तर हरणी तिथली. तात्यांचा जीव आहे तिच्यावर आणि माझा पण, लग्न होऊन मी आले तेव्हा या घरात माझ्याशी पहिल्यांदा ओळख झाली ती तिचीच.

तीन वर्षांपूर्वी असं झालं की होळी झाली तरी तिचे हिवाळ्याचे केस गळेनात. एरवी फेब्रुवारीत खरारा मारला की मूठमूठ केस निघायचे, अंगण भरून जायचं. त्या वर्षी निघेचनात, उलट पोटाखाली आणि गळ्याला लांब कुरळे केस वाढले, मेंढीसारखे. पाणी खूप प्यायला लागली, सावलीत उभी असली तरी घामाने ओली. आम्हाला वाटलं म्हातारपण आहे, चालायचंच. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, एसीटीएच म्हणून एक हार्मोन असतं ते वाढलेलं निघालं. मेंदूच्या खाली पिट्यूटरी ग्रंथी असते तिचा हा आजार, बोलताना सगळे कुशिंग म्हणतात, पंधरा-सोळा वर्षांच्या पुढच्या घोड्यांना होतो. बरा होत नाही पण परगोलाइडची गोळी रोज दिली की आटोक्यात राहतो. खुरांचं दुखणं यात पटकन होऊ शकतं म्हणून चंदी (दाण्याचा खुराक) कमी केली, गूळ बंद. आणि डॉक्टर म्हणाले की गोळीने केसांमध्ये फरक हळूहळू पडेल, तोपर्यंत उन्हाळ्यात तिला भादरत जा, त्या लोकरीत ती शिजून निघतेय.

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पार चार-पाच अंशांवर येतो, बागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्यामुळे घोड्याला केस जाड येणारच आणि त्या दिवसांत ते हवेतच. पण मार्चमध्ये तीच निफाडची जमीन तापते आणि अंगावर दोन-अडीच इंच केस घेऊन तेवीस वर्षांची घोडी उभी असते, बघवत नाही हो.

सुरुवातीला आम्ही केसकापणीचं साधं मशीन आणलं, सलूनमध्ये असतं तसं. ते पाच मिनिटांत गरम होऊन बंद पडलं. ते त्या कामासाठी नाहीच, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, माणसाच्या डोक्याला जेवढे केस तेवढे हरणीच्या एका खांद्यावर आहेत. मग चौकशी करून पुण्यातल्या एका घोड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून हायनिगरचं एक्सप्लोरर घेतलं. स्विस कंपनी आहे, मेंढ्या कातरायची आणि घोडे-गाई भादरायची मशीन बनवतात. हे बॅटरीवालं मॉडेल, पेटीत दोन बॅटऱ्या, चार्जर, तेलाची छोटी बाटली, आणि बसवलेली पाती ३१/१५ ची. किंमत सांगायची तर एका चांगल्या खोगिराएवढे पैसे गेले, तात्या दोन दिवस गप्प होते.

बॅटरीचंच का घेतलं ते सांगते. आमचा गोठा आणि पागा शेतात आहे, लाईट शेतीच्या लाईनवरची, आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते आणि दिवसा असली तरी दाब कमी. दाब कमी असला की वायरचं मशीन हळू फिरतं आणि हळू फिरणारं पातं केस कापत नाही, ओढतं. शिवाय ओल्या जमिनीवर, पायात लोखंडी नाल असलेल्या जनावराजवळ वायर लोळत ठेवायची मला भीती वाटते, तिने एक पाय टाकला वायरवर की संपलं. ज्यांच्याकडे शहरात पक्की पागा आणि नीट अर्थिंग आहे त्यांनी वायरचं घेतलं तरी चालेल, ते थकत नाही, पण आमच्यासारख्यांनी बॅटरीचंच घ्यावं.

आता पहिल्या दिवसाचं. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, सकाळी दहा वाजता मी आणि भाऊजी (माझे धाकटे दीर) कामाला लागलो. हरणीला खरारा मारला, वरवर ब्रश फिरवला, आणि मशीन चालू करून खांद्यावर ठेवलं. पहिला पट्टा मस्त गेला. दुसरा पण. पोटाकडे आलो तसं मशीन अडकायला लागलं, केस कापले जायच्या ऐवजी पात्यांच्या मध्ये दुमडून बसायला लागले, घोडीने कातडी थरथरवली, म्हणजे तिला ओढल्यासारखं होत होतं. मी काय केलं, मशीनच्या डोक्यावर पाती घट्ट करायची जी गोल चकती असते ती अजून पिळली. थोडा वेळ कापलं, मग पातं एवढं तापलं की हात लावता येईना. तेलाची बाटली घरी राहिली होती म्हणून पागेत खोबरेल तेलाची बाटली होती ती ओतली. दुपारपर्यंत अर्धी घोडी झाली आणि ती अर्धी पण रेघारेघांची. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं तर नुसतं घुरघुरलं, पाती हलेचनात. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, रात्रभराच्या थंडीत ते केसांच्या भुशासकट पात्यांमध्ये मेणासारखं बसलं होतं.

तेव्हा मी पुण्याला फोन लावला आणि फार बोलले. समोरच्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ताई, घोडी धुतली होती का आधी?

नव्हती धुतली. आणि खरं तर हे मला माहीत असायला हवं होतं, कारण दरवर्षी आमच्या शिवारात मेंढ्या घेऊन धनगर येतात, बसवतात शेतात, ते लोकर कातरायच्या आधी मेंढ्या पाण्यात घालून धुतात. मी लहानपणापासून बघत आलेय. त्यांच्यातले एक म्हातारबाबा त्याच आठवड्यात बांधावर भेटले, त्यांना सांगितलं तर म्हणाले की माती कापताय तुम्ही बाई, केस कुठं कापताय. बरोबर होतं. केसांच्या मुळाशी जी बारीक वाळू आणि कोंडा असतो तो लोखंडाला कानशीसारखा घासतो, नवीन पात्याची धार एका घोड्यात घालवायची असेल तर मळक्या अंगावर मशीन चालवा. वरून खरारा मारून ती निघत नाही, ती खाली असते. आणि या आजारातल्या घोड्याच्या अंगाला घामाचा चिकटपणा पण असतो, त्यात धूळ कालवली जाते.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केलं ते सांगते, कारण तेव्हापासून कापणी साफ यायला लागली. आदल्या दिवशी दुपारी उन्हात, कोमट पाण्याने, घोड्यांचा शाम्पू लावून तिला दोनदा धुतली. पहिल्यांदा जे पाणी खाली आलं ते चहासारखं होतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत ओतत राहिलो, शाम्पू राहिला तर तो पण पात्याला चिकटतो. मग पाणी निथळवून उन्हात फिरवली, संध्याकाळी धुतलेली सुती झूल घातली म्हणजे रात्री मातीत लोळली तरी अंगाला लागणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत मशीनला हात लावला नाही. वाळलं की नाही हे वरून कळत नाही. बोटं उलटी करून केसांच्या मुळापर्यंत घालायची, पोटाखाली, मांडीच्या आत, आयाळीखाली. तिथे जरा जरी गारवा लागला तर थांबायचं, ओला केस पात्यापुढे आडवा पडतो, कापला जात नाही आणि मग मागे पट्टा राहतो. लांब केसांच्या घोड्याला वाळायला अख्खा दिवस लागतो हे धरूनच चाला.

आता पात्यांबद्दल, कारण माझ्या मते या मशीनचा अर्धा रिव्ह्यू म्हणजे पात्यांचाच आहे. दोन पाती असतात. खालचं कंगव्यासारखं, ते स्थिर राहतं, केसांना दातांमध्ये धरून उभं करतं. वरचं डावं-उजवं फिरतं आणि कात्रीसारखं कापतं. ३१/१५ म्हणजे खालच्याला ३१ दात आणि वरच्याला १५. केसांच्या उलट दिशेने चालवलं तर अंगावर साधारण दीड मिलिमीटरच्या आत केस राहतात. कात्रीची दोन पाती सैल झाली की कागद कापायच्या ऐवजी मध्ये दुमडतो ना, अगदी तेच इथे होतं, पाती सैल असली तर केस मध्ये शिरतात. आणि फार घट्ट केली तर लोखंड लोखंडावर घासून तापतं, धार जाते, बॅटरी भरभर संपते. माझ्या मशीनला चकती हळूहळू फिरवायची, पहिल्यांदा बोटाला अडकल्यासारखं जाणवलं की तिथून फक्त पाव वळण पुढे. तेवढंच. काम करता करता कापणं बिघडलं तर अजून एक अगदी बारीक वळण, पण त्याच्या आधी मशीन बंद करून पात्यांमधला भुसा ब्रशने काढायचा आणि तेल सोडायचं, दहापैकी आठ वेळा घट्ट करायची गरजच पडत नाही. मी पहिल्या दिवशी उलटं केलं होतं, आधी पिळत गेले. प्रत्येक मशीनचं घट्ट करायचं माप वेगळं असतं, लिस्टर या दुसऱ्या कंपनीचं मशीन वापरणाऱ्यांकडून मी वेगळं ऐकलंय, तेव्हा आपापल्या पुस्तिकेत बघा, माझं पाव वळण तुमच्या मशीनला लावू नका.

तेल दर पाच-दहा मिनिटांनी. कंटाळा करायचा नाही. दातांवर एक ओळ, वरचं पातं जिथे सरकतं तिथे दोन-तीन थेंब, मशीन चालू ठेवून, मग जास्तीचं फडक्याने पुसायचं नाहीतर घोडीच्या अंगावर तेलाचे डाग पडून त्यावर केस चिकटतात. पेटीतली बाटली संपली तर शिलाई मशीनचं तेल चालतं, पातळ असतं, मी तेच वापरते. खोबरेल नको, सरकीचं नको, स्वयंपाकघरातलं कुठलंच नको. गार करायचा स्प्रे मिळतो, तो वापरला तरी त्यानंतर तेल द्यावंच लागतं, स्प्रेने पातं गार होतं पण नुसतं त्याच्यावर चालवलं तर कोरडं पडतं. मशीनच्या मागे हवेची जाळी आहे ती पण दर वेळी झटकायची, केसांनी बुजली की आतली मोटर गुदमरते आणि आपण पात्याला दोष देत बसतो. पातं तापलं का ते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. आपल्याला चटका बसला तर तिला पण बसणार, आणि एकदा बसला की ती पुढच्या वेळी मशीन बघूनच मागे सरकणार.

धार लावून घेण्याचा एक वाईट अनुभव पण सांगते. पहिल्या भादरणीनंतर पाती बोथट झाली होती, तर तालुक्याच्या गावी न्हाव्याच्या आणि शिंप्याच्या कात्र्यांना धार लावणारं एक दुकान आहे तिथे दिली. त्याने गोल दगडावर धरली असावीत, कारण परत आली तेव्हा दातांच्या टोकांवर निळसर झाक होती. लोखंड जास्त तापलं की अशी झाक येते आणि त्याचा पाणी दिलेला कडकपणा जातो. वर त्याने फक्त वरचंच पातं घासलं होतं. या पात्यांचा पृष्ठभाग वरवर सपाट दिसतो पण मधून अगदी किंचित खोलगट घासलेला असतो, म्हणजे दोन्ही पाती दातांच्या कडेला एकमेकांना नीट भिडतात. ते गेलं की गेलं. बसवली तर एकही केस कापेना, जोडी फेकून द्यावी लागली आणि नवीन जोडी स्वस्त नाही. मग विचारपूस करून पुण्यातच एक जण सापडले जे फक्त क्लिपरची पाती फिरत्या सपाट तबकडीवर घासून देतात, कुरिअरने पाठवायची. तिथून आलेली जोडी तेल लावून, दोन्ही पाती एकमेकांवर ठेवून कागदात बांधलेली होती. जोडी जोडीनेच ठेवायची, हे मी तेव्हापासून पाळते, दोन जोड्यांची पाती आपसात बदलायची नाहीत, प्रत्येक जोडीला मी वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवलाय.

धारदार आहे की नाही हे आवाजावरून कळायला लागतं हळूहळू. चांगलं पातं केसात शिरलं की ज्वारीच्या उभ्या पिकात वारा शिरल्यासारखी सळसळ येते आणि मोटरचा सूर बदलत नाही. बोथट झालं की खरखर येते, सूर खाली जातो, आणि हात आपोआप दाबायला लागतो. हात दाबायला लागला की थांबायचं हा आमच्या घरचा नियम. भाऊजींनीच आधी ओळखलं ते, म्हणाले, वहिनी, तुम्ही ढकलू नका, ते त्याच्या चालीने जातंय, तुम्ही नुसतं धरा.

लांब कुरळ्या केसांसाठी एक युक्ती. आम्ही एक जुनी, अर्धी बोथट झालेली जोडी मुद्दाम ठेवलीय. आधी त्या जोडीने केसांच्याच दिशेने वरवर फिरवून लांबी कमी करतो, हे दिसायला घाणेरडं दिसतं, घाबरायचं नाही. त्यानंतर पुन्हा ब्रश, आणि मग नवी धारदार जोडी लावून उलट दिशेने खरी कापणी. यामुळे चांगल्या जोडीवर भार येत नाही आणि ती शेवटपर्यंत टिकते. साध्या घोड्याला, ज्याचे केस आखूड आहेत, याची गरज नाही, एकाच फेरीत होऊन जातं.

रेघा का पडतात? एक तर मळ, ते सांगितलं. दुसरं, पट्टे एकमेकांवर न चढवणं. मागच्या पट्ट्याचा निदान तिसरा हिस्सा पुढच्या पट्ट्याखाली यायला हवा. तिसरं, मशीन तिरकं धरणं, कोपरा रुतला की तिथे खोल रेघ. पातं अंगावर सपाट पडलं पाहिजे, आणि पट्टा लांब हवा, खांद्यापासून मानेपर्यंत एका दमात, तुकड्यातुकड्यात केलं की प्रत्येक थांब्याला खूण राहते. आणि कातडी ताणलेली पाहिजे. पुढच्या पायाच्या कोपराजवळ कातडीच्या घड्या असतात, तिथे दुसऱ्या माणसाने पाय उचलून पुढे ओढून धरायचा म्हणजे घड्या उघडतात. मांडी आणि पोट जिथे मिळतं तिथली पातळ घडी डाव्या हाताने ताणून धरायची, तिथे घाई केली तर रक्त येईल. म्हाताऱ्या घोड्याच्या बरगड्या आणि माकडहाडाकडची हाडं वर आलेली असतात, तिथे पण हात अगदी हलका.

आणि भोवरे. सारंगखेड्याला व्यापारी घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघून त्याचं नशीब सांगतात, कुठला शुभ कुठला अशुभ, तात्यांना ते सगळं पाठ आहे. मला त्यातलं फार कळत नाही पण भादरताना भोवरा म्हणजे काय ते कळलं. हरणीच्या पोटाच्या बाजूला, मांडीच्या पुढे, एक मोठा भोवरा आहे, तिथे केस मध्यापासून सगळीकडे पसरतात, वर, खाली, मागे. सरळ पट्टा घेऊन गेलात की अर्धा पट्टा उलट दिशेने आणि अर्धा केसांच्या दिशेने होतो, म्हणून तिथे कायम एक जाड डाग राहायचा, दूरून बघितलं की तेवढाच तुकडा काळपट दिसायचा. तात्या स्टूल घेऊन बसले आणि बोटाने दाखवत गेले, आता इकडून, आता खालून, आता मागून, प्रत्येक वेळी बाहेरून मध्याकडे यायचं, अगदी लहान लहान पट्टे, कमळाच्या पाकळ्या मिटवल्यासारखे. पंधरा मिनिटं त्या एका पंजाएवढ्या जागेला लागली. पण नंतर हात फिरवला तर मखमल. तात्यांनी पण हात फिरवला, दोनदा.

मशीनचे वजा गुण पण लिहायला हवेत. एक, जड आहे, किलोभराच्या आसपास असेल, अर्ध्या तासाने मनगट भरून येतं, माझा हात लहान आहे त्यामुळे मुठीत नीट बसत नाही, भाऊजींना काही अडचण नाही. दोन, डोकं रुंद आहे, त्यामुळे तोंड, कान, पायांच्या खालच्या भागासाठी हे वापरू नका, तिथे मी छोटं ट्रिमर वापरते. तीन, पात्यांचा खर्च. मशीन घेताना निदान एक जास्तीची जोडी धरूनच बजेट करा, कारण मध्येच धार गेली तर अर्धी घोडी तशीच राहते. बॅटरीबद्दल तक्रार नाही, लांब केसांत एक बॅटरी मला तास-सव्वा तास जाते, मग दुसरी लावायची, आणि तेवीस वर्षांच्या घोडीला तेवढ्यात विश्रांती द्यावीच लागते. आम्ही तिची भादरणी दोन दिवसांत करतो, तिला जास्त वेळ उभं ठेवायचं नाही म्हणून. आवाज वायरच्या मशीनपेक्षा कमी आहे असं सगळे म्हणतात, तरी पण घोड्याला सवय करायला लागतेच. आठ दिवस आधीपासून चंदी खाताना लांब कुठेतरी मशीन चालू ठेवायचं, रोज थोडं जवळ आणायचं, मग बंद मशीन अंगावरून फिरवायचं. मी मोबाईल व्हायब्रेटवर ठेवून तिच्या खांद्याला लावायचे, तिसऱ्या दिवशी तिने लक्ष देणं सोडलं.

तोंडावरच्या लांब मिशा मात्र कापू नका. त्या शोभेसाठी नसतात, घोड्याला तोंडासमोर, अगदी जवळचं दिसत नाही, तोबऱ्यात काय आहे ते तो त्या मिशांनी चाचपतो. एफईआयने म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १ जुलै २०२१ पासून त्यांच्या स्पर्धांमध्ये अशा मिशा कापलेल्या घोड्यांना बंदी केलीय. आपल्याकडे लग्नाच्या आणि नाचऱ्या घोड्यांच्या मिशा आणि कानातले केस चकाचक काढतात, ते बघून मला फार वाईट वाटतं, कानातले केस माश्या आणि किडे अडवतात. कानाच्या बाहेर आलेले तेवढे काढा, कान मिटून धरून. आणि नुकरा म्हणजे पांढरा घोडा असेल, गुलाबी कातडीचा, तर उन्हाळ्यात पूर्ण भादरण्याआधी दोनदा विचार करा, कातडी उन्हाने भाजते.

भादरून झाल्यावर रंग बदलतो हे पण आधी सांगून ठेवते, नाहीतर दचकाल. केसांचं टोक जेवढं गडद तेवढं मूळ नसतं, त्यामुळे आमची तांबडी कुमैत घोडी एकदम उंदरी रंगाची झाली, शेजारच्या पोरांनी विचारलं की दुसरी घोडी आणली का. काही आठवड्यांत परत रंग येतो. बारीक रेघा राहिल्या तरी आठ-दहा दिवसांत केस थोडे वाढून त्या भरून निघतात, म्हणून कुणाला यात्रेला किंवा शोला न्यायचा असेल तर निदान दहा दिवस आधी भादरा. झाल्याबरोबर गरम पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून, सगळं अंग उलट-सुलट पुसून घ्यायचं, आतला कोंडा आणि तुटके केस त्याने निघतात, नाहीतर खाज सुटून ती भिंतीला घासत बसते. आणि रात्री झूल. फेब्रुवारीत आमच्याकडे दिवसा ऊन असलं तरी पहाटे चांगलाच गारठा असतो, तिची लोकर आपण काढून घेतलीय तर पांघरूण आपणच द्यायचं.

तीन भादरण्या झाल्या आता. पहिली फेब्रुवारीत, जिचं वर सांगितलं. दुसरी ऑक्टोबर हीटमध्ये, ती चांगली झाली, भोवऱ्याचा डाग सोडून. तिसरी या फेब्रुवारीत, तात्या स्टूलवर बसले ती, आणि तिला मी पूर्ण गुण देते. त्यानंतर मार्चमध्ये दुपारी पागेत गेले तर हरणी कोरडी होती, मानेखाली हात घातला, छातीला लावला, घाम नव्हता, आणि ती गव्हाणीतून तोंड न काढता खात होती. पाचपैकी साडेचार, अर्धा स्टार वजनासाठी आणि पात्यांच्या किमतीसाठी कापला. कुशिंगचा घोडा घरी असेल आणि आजूबाजूला कुणी भादरून देणारं नसेल तर घेऊन टाका, जास्तीची जोडी सोबत घ्या, आणि पाती धारेला टाकायच्या आधी समोरच्याला एवढं विचारा की तो गोल दगडावर घासतो की सपाट तबकडीवर.